उष्टं पातेलं

मठातलं रसाचं पातेलं मी उष्टं केलं, ही गोष्ट खरी आहे. गावात ती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. कुणी म्हणतं मी पातेल्यात थुंकलो, कुणी म्हणतं मला भोवळ आली आणि मी तोंडावर पडलो. दोन्ही खोटं. मी शुद्धीवर होतो, पळी माझ्या हातात होती आणि जे केलं ते ठरवून केलं. ठरवून केलेल्या गोष्टी माझ्या आयुष्यात फार नाहीत. म्हणून ही तरी नीट सांगावी असं वाटतं. जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडे. चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं; आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानदार म्हणून मी कच्चा. गिऱ्हाईक आलं तरी पुस्तकातून मान वर काढायला मला वेळ लागायचा, आणि तोवर ते समोरच्या दुकानात गेलेलं असायचं. भाव करणं, भांडणं, सोयरिकी जुळवणं, हे सगळं शांतादेवीने केलं. ती माझी बायको, गावाची अक्का. मला गाव अप्पा म्हणतं, पण ते वयामुळे.

शांतादेवीला शुगर आहे, बीपी आहे. बीडच्या डॉक्टरांनी मागे रिपोर्ट बघून सांगितलं होतं, किडनी नाजूक झाली आहे, गोळ्या चुकवू नका आणि अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. हे त्यांनी मला सांगितलं, कारण ती तेव्हा बाहेर बाकावर एका अनोळखी बाईला सुनेशी कसं वागावं ते शिकवत होती. घरी आल्यावर मी तिला सांगितलं. पण माझं ऐकायची तिला सवय नाही आणि ठासून सांगायची मला नाही. वाक्य अर्ध्यात असतानाच ती दूध आलं का बघायला उठली.

यंदा उन्हाळ्यात मठात शरीरशुद्धीचं शिबिर भरलं. भरवलं बसवेश्वरने. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा, मठाचा विश्वस्त, स्टँडजवळ त्याचं खत-औषधांचं दुकान. दिवसभर फवारणीची विषं विकणाऱ्या माणसाला संध्याकाळी गावाच्या अंगातलं विष काढावंसं वाटलं, तर त्यात वाईट काही नाही. त्याने संभाजीनगरहून एक मार्गदर्शक आणला होता. सत्यमजी. तिशीतला, पांढरा कुर्ता, माइक कानाला अडकवलेला, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि सतत हवेत.

"अंगावरचे कपडे आपण रोज धुतो," ते म्हणाले. "घर धुतो, गाडी धुतो. पोट कधी धुतलंय? वर्षानुवर्षांचं विष साठलंय आत. चहाचं, साखरेचं, गोळ्यांचं."

गोळ्यांचं म्हणताच पहिल्या रांगेतून शांतादेवीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं.

नियम सोपे होते. आठवडाभर शिजवलेलं अन्न बंद, गोळ्या बंद, सकाळी दुधी, कारलं आणि कडुलिंबाचा रस. "उलटी झाली तर घाबरायचं नाही. जुलाब झाले तर आनंद माना. तो कचरा आहे." पहिल्याच सकाळी किराणावाल्या सिद्धारामला मठाच्या पायरीवर उलटी झाली. सत्यमजींनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. सिद्धाराम तोंड पुसत हसला, जणू शाळेत त्याचा नंबर आला होता. टाळ्या मीही वाजवल्या. चारचौघांचे हात वाजत असताना आपले मांडीवर ठेवून बसणं मला जमत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "अगं, गोळी घेतलीस का?"

"आठवडाभर बंद हाय. आयकलं न्हाई का तुमी?"

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डाक्टर म्हननारच. त्येचं दुकान हाय ते. अन् तुमच्या दुकानापरीस बरं चालतंय."

"पण किडनी..."

"तुमी पुस्तकं वाचा. पोट माजं हाय."

मी गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. तिने ती डबीत परत टाकली आणि डबी कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना तिने भिंत धरली. मी पुढे झालो, तर म्हणाली, "हलकं वाटतंय. विष निगतंय." तिचे ओठ कोरडे पडले होते.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. दुधी चिरण्याआधी शांतादेवी देठाकडची चकती कापते, जिभेच्या टोकाला लावते आणि टाकून देते. कडू लागली तर अख्खा दुधी उकिरड्यावर. काकडीचंही तसंच. ती चकती स्वयंपाकात धरलेलीच नसते, म्हणून चाखली तरी चालते. पण एकदा अन्न करायला घेतलं, की मग मिठासाठीसुद्धा बोट लावायचं नाही. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतं. जे काही खायचं ते आधी त्याला दाखवायचं, मग तोंडात घालायचं. आधी कुणी तोंड लावलं तर ते उष्टं झालं, देवाला चालत नाही.

मठात रस करायला पोरं होती. हौसेने, पहाटे उठून, तीन-तीन मिक्सर लावून करायची. पण त्यांनी घरी कधी काकडीसुद्धा चिरली नव्हती. देठ जिभेला लावायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि रस पातेल्यात पडल्यावर नैवेद्याआधी त्याला कोण तोंड लावणार?

भाजी कमी पडायला लागली, तेव्हा बसवेश्वरने मठाच्या भोंग्यावरून सांगितलं, "ज्यांच्याकडं दुधी-कारली आसतील त्यांनी मठात आनून द्यावीत. कडू आसल तेवढं चांगलं!" भोंगा आमच्या मठाचा मोठा आहे. वस्त्यांपर्यंत ऐकू जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मठात शिरत होतो, तर फाटकापाशी भिवराबाई रिकामं पोतं झटकत उभी. ही वस्तीवरची, दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. तिच्या मुलांच्या वह्या माझ्याकडून जायच्या.

"कधी आलात तोडीवरून?" मी विचारलं.

"झाले की काई दिस. अप्पा, माजंबी काईतरी लागलं बगा देवाच्या कामाला. पोतंभर दुधी दिले."

"पोतंभर? या उन्हात पाणी कुठून घातलंत?"

"पानी कुटलं! आमी गेलतो तोडीला, घराला कुलूप. कुडावरचा येल आपसूक जगला, निस्ता उनात ताणलेला. एक चिरून बगितला तर कडू जहर. शेरडानंबी तोंड लावलं न्हाई."

"मग?"

"मग काय, उकिरड्यावर टाकनारच व्हते. तेवढ्यात भोंग्यावर सांगितलं, कडू आसल तेवढं चांगलं. म्हनलं, बरं झालं! आपल्या दारचं कडूबी कुनाच्या तरी कामी यील."

ती इतकी खूश होती की तिचा विरस करवेना. मी म्हटलं, "चांगलं केलंत," आणि आत गेलो.

कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण कुठे? वर्तमानपत्रात, की रद्दीत आलेल्या एखाद्या मासिकात? की ते दुसऱ्याच कुठल्या फळाबद्दल होतं? इतकं वाचलं आहे की कशाचीच खात्री राहिलेली नाही. मी सभागृहामागे गेलो. तिथे सालींचा ढीग होता. त्यातली देठाकडची एक चकती उचलली, धोतराला पुसली आणि शांतादेवी लावते तशी जिभेच्या टोकाला लावली.

कारल्याचा कडवटपणा जिभेवर येतो आणि जातो. हा गेला नाही. तो मागे सरकला, घशात उतरला आणि घसा आवळून बसला. मी थुंकलो, चूळ भरली, पुन्हा थुंकलो. चकती मुठीत धरूनच बसवेश्वरला शोधायला गेलो.

"बसू, दुधी कडू आहेत."

"काडा हाय अप्पा, बासुंदी न्हाई."

"तसं नव्हे. हा कडू वेगळा आहे. भिवराबाईच्या शेळीनेसुद्धा..."

"शेरडाला डिटॉक्स कळतंय व्हय?" तो पोरांकडे बघून हसला. पोरंही हसली. सत्यमजी मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, जीभ ज्याला नाही म्हणते, तेच पोटाला हवं असतं."

"पण लोकांना उलट्या होतील."

"व्हायलाच पाहिजेत."

"फार झाल्या तर?"

"तर आत विष फार होतं."

बरं वाटलं तर तो रसाचा गुण. बिघडलं तर तोही रसाचाच गुण. यातून बाहेर पडायला कुठे फटच नव्हती. वाद घालणं मला तसंही येत नाही. पण ज्याला येतं, त्यालाही इथून बाहेर पडता आलं नसतं असं मला वाटलं.

सभागृहात लोक बसले होते. मधोमध पातेलं, काठापर्यंत हिरवं, वर फेस. पहिल्या रांगेत शांतादेवी, पुढ्यात स्टीलचा पेला. घंटा झाली की नैवेद्य, मग वाटप. तिला हाताला धरून उठवावं असं मनात आलं. पण ती उठली नसती. सगळ्यांसमोर म्हणाली असती, तुमी पुस्तकं वाचा, आणि सगळे हसले असते, आणि मी खांबापाशी जाऊन बसलो असतो. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं, की जणू होऊनच गेलं होतं.

घंटेची दोरी बसवेश्वरच्या हातात होती.

आता एक पुस्तकी गोष्ट. आमच्याच धर्माच्या ग्रंथांत लिहिलं आहे की लिंग धारण केलेल्याला उष्ट्याचा विटाळ नाही. मी ते वाचलं आहे. ते पुस्तक माझ्या दुकानात कित्येक वर्षं पडून होतं आणि गावातल्या एकाही माणसाने ते विकत घेतलं नव्हतं. तेव्हा त्याचं मला वाईट वाटायचं. त्या सकाळी मी त्याच न झालेल्या खपाच्या भरवशावर खांबापासून निघालो.

पातेल्यापाशी गेलो. पळी उचलली, भरली, तोंडाला लावली आणि एक मोठा घोट घेतला. उरलेला रस सगळ्यांना दिसेल असा पातेल्यात परत ओतला.

"अप्पा!" बसवेश्वर ओरडला. "काय केलं बे..." आणि आपण कुणाला काय म्हटलं हे कळून थांबला.

"उष्टं केलं," मी म्हणालो. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. माझाच होता.

आधी सिद्धारामने पेला पालथा घातला. मग त्याच्या शेजारच्याने. मग फरशीवर पालथ्या पेल्यांचा आवाज रांगेरांगेने मागे जात राहिला.

"मित्रांनो," सत्यमजींनी हात वर केले, "उष्टं वगैरे काही नसतं! तो मनाचा खेळ आहे. रस शुद्धच आहे!"

आमच्या ग्रंथांच्या अगदी जवळचं बोलले बिचारे. मी गप्प राहिलो. एकही पेला सुलटा झाला नाही.

बसवेश्वरचा चेहरा लाल झाला होता. दुधी संपले होते, दुसरा रस होणार नव्हता, आणि हे सगळं मोबाइलवर टिपायला त्यानेच एक पोरगा उभा केला होता. तो पातेल्याकडे बघत राहिला आणि एकदम त्याला सुचलं.

"अक्काला चालतंय!" तो म्हणाला. "नवऱ्याचं उष्टं बायकूला चालतंय. अक्का, तुमी तरी घ्या. आजचा दिस मोडू नगा." आणि त्याने तिचा पेला भरला.

हे मला सुचलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून शांतादेवी माझ्यामागून माझ्याच ताटात जेवते. अख्ख्या गावाला बाद झालेलं ते पातेलं फक्त एका माणसाला चालत होतं, आणि त्या एकाच माणसासाठी मी ते उष्टं केलं होतं. इतका विचार करून केलेली गोष्ट, आणि तीही अशी. माझ्या पोटात तेव्हाच पहिली कळ आली.

पेला हातात घेऊन शांतादेवी माझ्याकडे बघत होती. चारचौघांत शोभा केली म्हणून तिचे डोळे पेटले होते.

"पिऊ नको," मी म्हणालो.

"कावून?"

"तुझी किडनी नाजूक आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. अंगातलं पाणी गेलं तर ती बंद पडेल. आणि उलट्या-जुलाब लागले की पाणी जाणारच. मी तुला सांगायला लागलो तर तू दूध बघायला उठलीस, पण आज नाही उठायचं. आज ऐकायचं."

सगळं सभागृह ऐकत होतं. एवढं सलग मी कधी घरातही बोललो नव्हतो. मी मूठ उघडून ती चकती तिच्यापुढे धरली.

"माझ्यावर विश्वास नको ठेवू. हे जिभेला लाव. मग प्यायचं तर पी."

तिने चकतीकडे पाहिलं. ती कसली आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिने ती जिभेला लावली आणि तिचा चेहरा आक्रसला. सभागृहात, मठात, सगळ्यांसमोर ती बाजूला थुंकली.

मग उठली. उठताना तिचा तोल गेला. शेजारच्या बाईने धरलं, तर तिने तो हातही झटकला.

"कुनी चिरले रं हे दुधी?"

"पोरांनी, अक्का," बसवेश्वर म्हणाला.

"देठ चाकला का कुनी?"

रस करणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"बसू, तुज्या आईनं जन्मभर देठ चाकला म्हनून जिवंत हायस तू. अन् लोकांला पाजाया निगालास, तवा एकाची जीब भाईर निगाली न्हाई?"

"अक्का," सत्यमजी मऊ आवाजात म्हणाले, "नवऱ्याचं ऐकून स्वतःच्या आरोग्याचं नुकसान..."

"नवऱ्याचं कोन आयकतंय?" शांतादेवी म्हणाली. "माजी जीब सांगतीय मला. तुमची कुटं गेली? तुमी प्याले का ह्यातलं?"

"मी... माझी शुद्धी आधीच झालेली आहे."

मागून कुणीतरी हसलं. बहुतेक सिद्धाराम.

"आता माजं आयका," ती म्हणाली, आणि आता ती सगळ्यांशी बोलत होती. "लगीन झाल्यापसून ह्यांच्या ताटात जेवले. आजपसून न्हाई जेवनार. ज्याला पाप लावायचं त्यानं खुशाल लावा." आणि तिने तो पेला कोपऱ्यातल्या मोरीत ओतला. मग सिद्धारामला म्हणाली, "बगतोस काय? धर तिकडून." दोघांनी मिळून पातेलं मोरीपाशी ओढून कलतं केलं. हिरवा फेस मोरीतून अंगणात गेला आणि मातीत मुरला.

तोवर मला उभं राहवेना. मी कसाबसा पायरीपर्यंत गेलो आणि तिथे जे व्हायचं ते झालं. सत्यमजींचे हात सवयीने वर आले. एक टाळी वाजली. एकच. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हात खाली घेतले.

सिद्धारामच्या जीपमधून मला गेवराईला नेलं. संध्याकाळपर्यंत सलाइन चालू होतं. पोटात आतडी पिळल्यासारखं होत होतं आणि जे बाहेर पडत होतं त्यात रक्त होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "एका घोटावर निभावलं. पण कडू आहे हे कळत होतं तर प्यायलात कशाला, आजोबा?"

याला थोडक्यात उत्तर नव्हतं. मी शांतादेवीकडे पाहिलं. ती खाटेच्या कडेला बसून पदराच्या गाठीतून डबी काढत होती. आम्ही निघालो तेव्हा तिने वाटेत घरापाशी जीप थांबवली होती, ती यासाठी. तिने गोळी तोंडात टाकली, माझ्या उशाचं पाणी प्याली आणि म्हणाली, "बगताय काय? मी माज्यासाटी घेतली."

घरी आल्यावर तिने दोन ताटं वाढली. तेव्हापासून दोनच असतात. ती कधी माझ्याआधी जेवते, कधी बरोबर. मला अजून सवय व्हायची आहे. जेवण झाल्यावर मी ताट तिच्याकडे सरकवतो आणि ती ते मोरीकडे सरकवते.

शिबिर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं आणि ठरल्याप्रमाणे संपलं. पाऊणएक लोक पुन्हा शिबिराला गेले. घरून देठ चाखून आणलेले दुधी घेऊन गेले, एवढाच फरक. भिवराबाई येऊन माझ्यापुढे रडली. मी तिला म्हटलं, भोंग्यावर जे सांगितलं तेच तुम्ही केलंत. ते तिला पटलं की नाही, कळलं नाही. आणि बसवेश्वरने ठरवलं की मठाचा नैवेद्य बाटवणाऱ्याला यंदा श्रावणातल्या पंगतीचं निमंत्रण द्यायचं नाही.

पंगतीच्या सकाळी मी पुस्तक घेऊन बसलो होतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. पंगतीत शेजारच्याशी काय बोलावं हे मला कधी सुचत नाही. शांतादेवी नवं लुगडं नेसून समोर येऊन उभी राहिली.

"चला."

"बोलावलेलं नाही आपल्याला."

"मठ काय बसूच्या बापाचा हाय?"

आम्ही गेलो. पहिल्या रांगेत बसलो. कुजबुज झाली, मग थांबली. पोरं वाढत आली आणि आमच्या दोन पत्रावळी ओलांडून पुढे गेली. आमच्या डावीकडे भात, उजवीकडे भात, मध्ये दोन हिरवी पानं. बसवेश्वर भाजीची बादली घेऊन आला, आमच्यासमोर थांबला आणि कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत राहिला. भाजी दुधीची होती.

शांतादेवीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी मीच बोललो.

"देठ चाखलेत?"

"चाकलेत," तो पानाकडे बघत म्हणाला. "सोता चाकलेत."

"मग वाढ," मी म्हणालो. "आधी तिला."